हेडली भारतात कधी आलाच नाही? आला होता, पण कोर्टात नाही

जळगावात, बस स्टँडजवळच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत, २६/११ च्या मुंबई हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीबद्दल एक गोष्ट हमखास ऐकू येते : 'उज्ज्वल निकमांनी हेडलीला धरून आणलं आणि मुंबईच्या कोर्टात उभं केलं. आपला मानूस शे भो!' या खटल्यातले सरकारी वकील निकम जळगावचे, त्यामुळे अभिमान समजू शकतो. पण गोष्ट तशी नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये निकमांनी त्याची साक्ष घेतली ती व्हिडिओ लिंकवर. हेडली अमेरिकेतल्या तुरुंगातच होता. २०१० मध्ये त्याने तिथे गुन्हे कबूल केले. बदल्यात फाशी टळली आणि भारताच्या हवाली न करण्याची हमीही मिळाली. २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला गेला तो त्याचा मित्र तहव्वूर राणा. घोळ बहुधा तिथे आणखी वाढला.

दुसरी समजूत : हेडली म्हणजे सीआयएचा माणूस. सीआयएशी त्याचं नातं कधी सिद्ध झालेलं नाही. तो खबऱ्या होता अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, तोही हेरॉइन प्रकरणात पकडला गेल्यावर. म्हणजे निष्ठेपेक्षा सुटकेचा सौदा. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन, मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये नाव बदललं, ते भारतात संशय येऊ नये म्हणून. मग लष्कर-ए-तैयबासाठी त्याने मुंबईतल्या ताजसारख्या ठिकाणांचं चित्रीकरण केलं. साक्षीत त्याने आयएसआय या पाकिस्तानी गुप्तहेर संस्थेचंही नाव घेतलं.

पकडला गेला की सोबत्यांची नावं सांगून शिक्षा कमी करून घ्यायची, हे त्याने हेरॉइनच्या खटल्यात केलं होतं. २००९ मध्ये शिकागोत पकडल्यावरही तेच केलं.