व्हेन वुई वेअर किंग्ज : समीक्षकांचा प्रतिसाद

‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ (१९९६) हा लिऑन गास्ट यांचा माहितीपट ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) किन्शासा येथे मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्यात झालेल्या हेवीवेट विजेतेपदाच्या लढतीवर आहे. १९९७ साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. ते स्वीकारताना अली आणि फोरमन दोघेही मंचावर होते आणि पार्किन्सनने त्रस्त अलींना पायऱ्या चढायला फोरमन यांनी हात दिला.

गास्ट मुळात लढतीला जोडून भरवलेल्या संगीत महोत्सवाचे चित्रीकरण करायला गेले होते. सरावात फोरमन यांच्या डोळ्यावर जखम झाली आणि २५ सप्टेंबरची लढत महिनाभर पुढे ढकलली गेली. महोत्सव मात्र ठरल्या वेळी पार पडला. या लांबलेल्या मुक्कामात कॅमेऱ्याला अली भरपूर मिळाले, फोरमन फार थोडे. पुढे पैसा आणि हक्कांच्या वादात चित्रफिती अडकल्या व माहितीपट पूर्ण व्हायला २२ वर्षे लागली. अमेरिकी लेखक नॉर्मन मेलर व जॉर्ज प्लिम्प्टन आणि चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या मुलाखती १९९० च्या दशकात जोडल्या गेल्या. समीक्षकांनी केलेले कौतुक आणि घेतलेले आक्षेप, दोन्हींचे मूळ या घडणीत आहे.

कौतुक झाले ते प्रामुख्याने अलींच्या बोलण्याचे, ‘अली बोमाये’ म्हणजे ‘अली, ठार मार त्याला’ अशा गजराचे आणि संगीत व लढत एकत्र विणणाऱ्या संकलनाचे. मेलर यांचे पहिल्या फेरीचे विवेचन तर मुष्टियुद्ध न जाणणाऱ्यालाही समजते. उजव्या पवित्र्यात उभ्या असलेल्या योद्ध्याचा उजवा हात मागे असतो. जॅबची (पुढच्या डाव्या हाताच्या झटपट ठोशाची) आडवाट न घेता थेट त्याच हाताने ठोसा मारला, तर तो लांबून येतो आणि प्रतिस्पर्ध्याला आधी दिसतो. तेव्हा विजेते असलेल्या फोरमन यांच्यावर असा ठोसा टाकणे म्हणजे त्यांचा अपमानच, आणि अलींनी तेच केले.

आक्षेपही गंभीर आहेत. फोरमन यांची नवी मुलाखत नाही. त्यामुळे ते बराच वेळ अबोल राक्षस वाटतात. प्रत्यक्षात २५ वर्षांच्या या विजेत्याने तोवर एकही लढत गमावलेली नव्हती. आफ्रिकेत घडलेल्या या कृष्णवर्णीय सोहळ्याचा अर्थ मुख्यतः दोन गोरे अमेरिकी लेखक सांगतात, झाईरच्या नागरिकांना फारसा आवाज नाही. झाईरचे तेव्हाचे अध्यक्ष मोबुटू यांची हुकूमशाही दिसते, पण ओझरती. प्लिम्प्टन थरथरत्या हातांच्या मायावी स्त्रीची कथा सांगत असताना मिरियम मकेबा यांची दृश्ये पेरली आहेत. एका थोर गायिकेला अशी चेटकीण करणे अनेकांना खटकले, आणि ते खटकायलाच हवे.

मुष्टियुद्धाच्या जाणकारांची अडचण वेगळीच आहे. मधल्या फेऱ्या इतक्या आवरल्या आहेत की दोरांना टेकून मार खाण्याचा डाव चमत्कार भासतो. अली फोरमनची मान हाताने खाली दाबत, मिठी मारून स्वतःचे वजन त्याला पेलायला लावत आणि मध्येच सरळ ठोशांची सर सोडत. आठव्या फेरीत अलींनी फोरमन यांना केलेला नॉकआउट या झिजवण्यातून आला. ते नीट कळायचे असेल, तर लढतीचे संपूर्ण चित्रण पाहावे. पाचव्या फेरीपासून फोरमन यांचे ठोसे मंदावताना स्पष्ट दिसतात.

महोत्सवाला कमी वेळ मिळाल्याची तक्रार काही अंशी पुढे मिटली. उरलेल्या चित्रणातून जेफ्री लेव्ही-हिंटे यांनी ‘सोल पॉवर’ (२००८) हा स्वतंत्र संगीत-माहितीपट केला.