वाङ्मयचौर्य तपासणी (पीएच.डी. प्रबंध)

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दाखल करण्याआधी त्यातला मजकूर इतरत्र छापलेल्या मजकुराशी किती जुळतो, हे संगणकावर पाहण्याची प्रक्रिया. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी ती देशभर बंधनकारक झाली. तपासणी बहुधा विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. तिथून मिळालेला अहवाल आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र प्रबंधाला जोडावे लागते.

साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. 10 ते 40 टक्क्यांत प्रबंध दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांत वर्षभर तो देताच येत नाही. 60 टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. सॉफ्टवेअर मात्र फक्त साम्य मोजते, ते चोरी ओळखत नाही. चोरी आहे की नाही हे विभागाची आणि संस्थेची समिती ठरवते. श्रेयासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचे असतात. योगायोगाने जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही धरत नाहीत. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे 14 शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो. ही सवलत मराठी प्रबंधाला आपोआप सैल पडते.

मराठी प्रबंधाचे खरे दुखणे फॉन्टचे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे संकेतांक असतात. सॉफ्टवेअरला तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो आणि साम्य शून्याच्या आसपास येते. स्कॅन केलेल्या पीडीएफचेही तेच. असा अहवाल पाहून खूश होण्यात अर्थ नाही. शून्य टक्के आले की आधी फाइलच तपासावी. सोपी खूण: फाइलमधला एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा. देवनागरी दिसली तर ठीक, चिन्हांची खिचडी दिसली तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. रूपांतरात हमखास बिघडतात त्या दोन गोष्टी: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर साठवली जाते, ‘धर्म’मधल्या रफाराचे नेमके उलट. त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन पुन्हा करावेच लागते, आणि त्यासाठी शेवटच्या आठवड्यात वेळ उरलेला नसतो.

साहित्याच्या प्रबंधात साम्य भलतीकडूनच वाढते. ओव्या-अभंग स्वतंत्र ओळींत, अवतरणचिन्हांविना देण्याची आपली रीत; सॉफ्टवेअर त्यांना अवतरण समजत नाही आणि ज्ञानेश्वरीतली प्रत्येक ओवी साम्यात जाते. ‘संदर्भग्रंथसूची’ हे शीर्षकही बहुधा त्याच्या ओळखीचे नसते. म्हणून ओव्यांना अवतरणचिन्हे द्यावीत, आणि ग्रंथालयाची हरकत नसेल तर सूची वगळून फाइल द्यावी.

उलट बाजू अधिक गंभीर. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातले पानच्या पान मराठीत उतरवले तर शब्द जुळत नाहीत, आणि अहवाल सहसा स्वच्छ येतो. छापील मराठी पुस्तकांतला पुष्कळसा मजकूर तर आंतरजालावर नाहीच. तो उचलला तरी जुळवायला समोर काही नसते. इथे उपयोगी पडतो तो त्या विषयातली पुस्तके स्वतः वाचलेला मार्गदर्शक. पदवी मिळाल्यावर चौर्य सिद्ध झाले, तर समितीच्या शिफारशीने पदवी ठरावीक काळ स्थगित ठेवता येते.