फिजिक्स कार्ड

खेळात कोसळणारी भिंत, फुटणारी काच, फडफडणारे कापड यांच्या हालचालींचे गणित मुख्य प्रोसेसरऐवजी स्वतः करणारे विस्तार-कार्ड. एजिया कंपनीने २००६ मध्ये ‘फिजएक्स’ या नावाने ते बाजारात आणले. त्यात १२८ मेगाबाइट मेमरी होती, ते मदरबोर्डवरच्या साध्या पीसीआय स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत) बसे आणि त्याला मोलेक्स पिनेतून वेगळी वीज द्यावी लागे. किंमत सुमारे ३०० डॉलर, म्हणजे बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाएवढी.

ते चालले नाही, याचे कारण निव्वळ किंमत नव्हे. कार्डाने भिंतीचे हजार तुकडे उडवले तरी ते पडद्यावर रंगवायचे ग्राफिक्स कार्डानेच. त्यामुळे काही खेळांत वेग वाढण्याऐवजी घटला. शिवाय बहुतेकांकडे हे कार्ड नसल्याने खेळ बनवणाऱ्यांनी त्याचा उपयोग सजावटीपुरताच ठेवला. फेब्रुवारी २००८ मध्ये एनव्हिडियाने एजिया विकत घेतली आणि त्याच वर्षी तिच्या जीफोर्स ८ व पुढच्या ग्राफिक्स कार्डांवर फिजएक्स ड्रायव्हरमधूनच चालू लागले. वेगळ्या कार्डाची गरज तिथेच संपली. आज बहुतेक खेळ हे गणित प्रोसेसरच्या अनेक कोअरवर करतात.

एक अपवाद उरतो. २०२५ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेने ३२-बिट कुडाचा (ग्राफिक्स कार्डावर इतर गणित चालवणाऱ्या प्रणालीचा) आधार काढला आणि ‘बॉर्डरलँड्स २’सारख्या जुन्या खेळांतले फिजएक्स प्रोसेसरवर येऊन पडले. वर्षअखेरीस ड्रायव्हरने काही निवडक खेळांपुरता तो परत दिला. उरलेल्यांसाठी जुने जीफोर्स कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्ससाठी तेच निवडता येते. मात्र दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर चालावा लागतो, आणि जुनी जीटीएक्स १० मालिका ड्रायव्हरच्या ५८० क्रमांकाच्या शाखेपुढे जात नाही. खेळातच फिजएक्स बंद करायला काहीच खर्च येत नाही, हेही लक्षात असावे.

मोकळ्या स्लॉटची गोष्ट वेगळी. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) पीसी असेंबल करून घेताना मदरबोर्डवर लांब स्लॉट दोन दिसले तरी स्वस्त बोर्डात खालच्याला बहुधा चारच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) असतात, त्याही थेट प्रोसेसरला न जोडता चिपसेटमार्गे. काही बोर्डांत एम.२ एसएसडी बसवली की तो स्लॉट बंदच पडतो. अडीच स्लॉट जाडीचे कार्ड शेजारचे दोन स्लॉट झाकते, ते निराळेच. वायफाय किंवा कॅप्चर कार्डासाठी एक छोटा स्लॉट मोकळा राहिला, तर पुरे.

नागपुरात दुसरे कार्ड लावण्याआधी मे महिना आठवावा. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. दुसरे कार्ड पहिल्याच्या पंख्यांना चिकटून बसले की हवा अडते, कार्ड तापते आणि स्वतःचा वेग घटवते. खेळणाऱ्याला वाटते, फिजएक्सच जड आहे. दोन कार्डांत निदान एक स्लॉट मोकळा सोडावा. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये: ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत चिकटून थर धरते, आणि मग तो ब्लोअरनेही सहज निघत नाही.