मृत्युपत्र अद्ययावत ठेवणे

कुटुंबात किंवा मिळकतीत बदल झाले की आधी केलेले मृत्युपत्र (इच्छापत्र) हयातीतच दुरुस्त करणे अथवा ते रद्द करून नवे करणे, याला मृत्युपत्र अद्ययावत ठेवणे म्हणतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६२ नुसार करणाऱ्याची समज शाबूत असेपर्यंत हे कितीही वेळा करता येते. कोल्हापूर भागात एकाच माणसाच्या नावावर उसाची जमीन, साखर कारखान्याचा शेअर, गावातले घर, कपाटातले सोने आणि मुलासाठी पुण्यात घेतलेला फ्लॅट असे बरेच काही असते. त्यातले काही ना काही दर चार-पाच वर्षांनी बदलते, आणि मृत्युपत्र मात्र कपाटात तसेच पडून राहते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो नाव घेऊन दिलेल्या वस्तूंचा. ‘माझा कोल्हापुरी साज धाकट्या मुलीस द्यावा’ असे आईने लिहून ठेवले आणि पुढे गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, तो साज मोडून सुनेसाठी पाटल्या घेतल्या, तर धाकटीच्या वाट्याला काहीच येत नाही. मृत्यूच्या वेळी ती वस्तू करणाऱ्याच्या मालकीची नसेल, तर कलम १५२ प्रमाणे ते दान, म्हणजे मृत्युपत्राने दिलेले देणेच, संपते. पाटल्यांवर धाकटीला हक्क सांगता येत नाही. जमिनीचेही तेच. रत्नागिरी–नागपूर महामार्गासारख्या कामात गट संपादित झाला आणि मोबदला बँकेत जमा झाला, तर ‘तो गट थोरल्यास’ या वाक्याने थोरल्याला मोबदल्याची रक्कम मिळेलच असे नाही. गट क्रमांक, क्षेत्र आणि पोटहिस्सा चालू सातबाऱ्याशी जुळतात का, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. जुन्या कागदावरून नक्कल करताना जमिनींच्या एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नंबर तसाच उतरवला, तर पुढे फेरफाराच्या (सातबाऱ्यावर नाव बदलण्याच्या) वेळी खुलासे करत बसावे लागते.

माणसांचे बदल वेगळ्या नियमांनी चालतात. ज्याला मिळकत दिली तो आधी वारला तर ते दान सहसा निष्फळ ठरते. पण तो करणाऱ्याचा मुलगा, मुलगी किंवा थेट वंशज असेल आणि त्याची मुले हयात असतील, तर कलम १०९ मुळे ते टिकते. हा लाभ भावाला, पुतण्याला किंवा जावयाला नाही. लग्नाबाबतचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, हा कलम ६९ चा नियम ख्रिस्ती, पारशी वगैरेंना लागतो. हिंदू, बौद्ध, शीख व जैनांच्या मृत्युपत्रांना लागत नाही. घटस्फोटानेही पूर्वीच्या जोडीदाराचे नाव आपोआप गळत नाही. ते स्वतःच काढावे लागते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात सर्वसाधारणपणे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, त्यामुळे मिळकत घटली-वाढली की तो हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

‘वडिलोपार्जित’ आणि ‘स्वकष्टार्जित’ हा भेदही जुन्या मृत्युपत्रांत तपासण्यासारखा असतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत माणूस फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करू शकतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद (एकत्र मिळकतीत जन्मापासून हिस्सेदार) झाली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे केवळ मुलग्यांनाच धरून केलेल्या जुन्या मृत्युपत्रातला बापाचा हिस्सा कागदावर दिसतो त्याहून लहान निघण्याची शक्यता असते. बँकेतले किंवा कारखान्याच्या शेअरवरचे नामनिर्देशन मृत्युपत्राची जागा घेत नाही. कंपनीच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले: नॉमिनी हा मालक नव्हे. तरीही दोन्हीकडे एकच नाव ठेवलेले बरे. भावा-भावांतले निम्मे वाद तिथूनच पेटतात.

दुरुस्तीची सर्वांत वाईट रीत म्हणजे पेनाने खाडाखोड. कलम ७१ प्रमाणे, मूळ शब्द वाचता येत असतील तर समासातल्या बदलाला किंमत नाही; त्या बदलाशेजारी करणाऱ्याची व दोन साक्षीदारांची सही हवी. थोडा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करतात, त्याला कोडिसिल असेही म्हणतात. तेही मूळ मृत्युपत्रासारखेच दोन साक्षीदारांसमक्ष करावे लागते. दोन-तीन पुरवण्या झाल्या की सरळ नवे करावे, आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द’ हे वाक्य तारखेसह घालावे. नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीकृत मृत्युपत्रच वरचढ, अशी समजूत चावडीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत ऐकू येते, ती चुकीची आहे. नंतर रीतसर केलेले आणि शाबीत झालेले साधे मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृतावर मात करते.

शाबीत करणे हे मात्र सोपे नाही. दोनपैकी किमान एक साक्षीदार हयात आणि बोलावता येण्यासारखा असेल, तर त्याला न्यायालयात उभे करावेच लागते. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या दोन वृद्धांच्या सह्या घेतलेल्या असतात, तेव्हा करणाऱ्याआधी साक्षीदारच गेलेले असतात आणि मग हस्ताक्षराच्या पुराव्यावर भिस्त उरते. म्हणून नव्याने करताना साक्षीदार वयाने लहान, वाटेकरी नसलेला आणि गावातच राहणारा निवडण्याची पद्धत शहाणपणाची आहे. वार्धक्यात बदल करताना त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखलाही जोडतात.

महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. ती होते स्वतंत्र तिसऱ्या क्रमांकाच्या नोंदवहीत. करणारा हयात असेपर्यंत तिची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, नंतर कोणीही अर्ज करून घेऊ शकतो. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो आणि मत बदलले तर परतही घेता येतो. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. कोल्हापुरात हिंदूंना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेणे सक्तीचे नाही. मृत्यूनंतर मृत्युपत्राची प्रत तलाठ्याकडे दिली की फेरफार धरला जातो, इतर वारसांना नोटिसा जातात, आणि एकाने जरी हरकत घेतली तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते. पुढे दिवाणी दावा उभा राहिला आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (खंडपीठ) असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.