आरोग्य योजनेच्या पात्रतेचे नूतनीकरण (कोकण)

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत–प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांत कुटुंबाची पात्रता चालू ठेवण्याची प्रक्रिया. बोलण्यात 'कार्ड रिन्यू करणे' म्हणतात, पण ते सैल आहे. येथे हप्ता नाही आणि कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण नव्या योजनावर्षी आपोआप पूर्ववत होते. नूतन ठेवावी लागते ती रेशनकार्डावरची नोंद.

योजनेचा उगम काही जण 1997 च्या सुमारास सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत शोधतात. ती मोजक्या गंभीर आजारांपुरती मदत होती. पात्रता रेशनकार्डाला बांधली गेली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत, त्यामुळे 2012 हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. जुलै 2012 मधील पहिल्या 8 जिल्ह्यांत कोकणातून मुंबईखेरीज रायगड होता. रत्नागिरी व सिंधुदुर्ग नोव्हेंबर 2013 मध्ये आले. 2017 मध्ये आजचे नाव मिळाले. पिवळ्या-केशरी कार्डांची मर्यादा जाऊन पांढरे कार्डधारकही आत आले ते जुलै 2023 च्या शासन निर्णयाने.

अन्नसुरक्षेच्या (रेशनवर स्वस्त धान्य मिळणाऱ्या) लाभार्थ्यांना 2025 च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार दर 5 वर्षांनी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करावी लागते. सलग 6 महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते बंद होऊ शकते, आणि चाकरमान्यांच्या बंद घरांना हा नियम जाचतो. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर प्रत्येक सदस्याचा अंगठा लागतो. यंत्र कोणत्याही गावचे चालते, म्हणून मुंबईतल्या सदस्याने त्यासाठी गावी येण्याचे कारण नाही. काजू कारखान्यातल्या बायकांची बोटे टरफलाच्या तेलाने सोलवटलेली असतात, खलाशांची दोराने घासलेली. यंत्र 'जुळत नाही' म्हणते. साबणाने हात धुऊन, पुसून दुसरी बोटे लावून पाहावीत. तरीही न जमल्यास डोळ्याच्या बुबुळाचे यंत्र किंवा मोबाइल ॲपवर चेहऱ्याची पडताळणी. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत खलाशी घरी असतात, तेव्हाच हे उरकावे; गणपतीत दुकानावर झुंबड असते.

नावांचा घोळ याहून चिवट. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत असल्याने आधारवर माहेरची 'शेवंती' आणि रेशनकार्डावर सासरची 'सुहासिनी' अशी एकच बाई दोन होते. योजनेचे आयुष्मान कार्ड काढताना जुळणी ठरावीक टक्क्यांखाली गेली की अर्ज तपासणीला पडून राहतो. आधी आधार दुरुस्त करावे, मग रेशनकार्डाच्या दुरुस्तीसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत नमुना 14 चा अर्ज द्यावा. नाव एका कार्डातून दुसऱ्यात न्यायचे तर नमुना 9 ने कमी करून दाखला घ्यायचा आणि नमुना 8 ने नव्या कार्डात चढवायचे. मधल्या काळात माणूस कुठल्याच कार्डात नसतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरलेली असताना हा उद्योग करू नये.

रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) रेशनकार्ड व ओळखपत्र तपासतो. तातडीच्या रुग्णाला दाखल करून कागद नंतर देता येतात. जीर्ण कार्डाचा क्रमांक वाचता येत नसेल तर नमुना 15 ने दुय्यम प्रत मिळते. दुकानदाराकडून 12 अंकी ऑनलाइन क्रमांक मात्र आधीच लिहून घ्यावा.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून स्वतंत्र वय वंदना कार्ड आहे. त्याला रेशनकार्ड लागत नाही, वय आधारवरून ठरते. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांना वेगळे 5 लाख मिळतात. अडचण ओटीपीची. आजीच्या आधारला जोडलेला नंबर डोंबिवलीतल्या मुलाचा असतो आणि तो लोकलमध्ये असतो. तेथेही अंगठा किंवा चेहरा चालतो, एवढे सेतू केंद्रात कार्ड काढून देणाऱ्याला सांगावे लागते.