चेपलेली पुंगळी म्हणजे खराब काडतूस नव्हे

कोल्हापुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक समज पक्का बसलाय: पिस्तुलातून पडलेल्या पितळी पुंगळीचं (काडतुसाच्या रिकाम्या खोळीचं) तोंड चेपलेलं दिसलं की काडतूस हलकं, महागडा डबा घ्या. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांचा पैसा वाया जातो, म्हणून हा खुलासा.

नेमबाज राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ चं (म्हणजे ०.२२ इंची गोळीचं) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. बार उडाला की दाबाने पुंगळी मागे ढकलली जाते, तिच्याबरोबर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भागही. मग इजेक्टर नावाचा भाग पुंगळीला पिस्तुलाच्या खिडकीतून बाहेर भिरकावतो. पितळ मऊ आणि पत्रा पातळ, त्यामुळे खिडकीच्या कडेला आपटून तोंड चेपतं. तोवर गोळी केव्हाच नळीबाहेर गेलेली असते, त्यामुळे गुणांवर परिणाम शून्य. नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या ५० मीटर रायफल प्रकारातल्या बोल्ट रायफलची पुंगळी गुळगुळीत निघते, कारण तिथे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) हाताने मागे ओढतात. दोन्हींची तुलना करूच नये.

पाहायचं असेल तर पुंगळीचं बूड पाहा. तिथे फुगवटा किंवा चीर असेल, तर दाब पुरता उतरण्याआधीच स्लाइड उघडत असण्याची शक्यता असते. स्लाइडची थकलेली स्प्रिंग हे त्याचं एक कारण. अशा वेळी नेमबाजी थांबवा आणि शस्त्र जाणकार आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. घरी स्प्रिंग कापणं, घासणं अजिबात नको.

आणि या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी जपून ठेवू नका. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीतच असतो, आणि ती घडी बार उडवणाऱ्या पिनने एकदाच चेंगरते.