रिंग कडक हवी की बोअर?

शंभर सीसीच्या मोटारसायकलीचं इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर त्या मिनिटात तिचा पिस्टन १०,००० वेळा थांबतो. वर पोचला की क्षणभर थांबून उलटा फिरतो, खाली पोचला की पुन्हा तेच. पिस्टनभोवतीच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या रिंगा झिजतात त्या मुख्यतः या थांबण्यापायी.

पिस्टन धावत असताना रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो टिकतो वेगाच्या जोरावर. वेग शून्यावर आला की थर तुटतो आणि धातू धातूला भिडतो. वरच्या टोकाला तर नेमका त्याच सुमारास इंधनाचा भडका उडतो. तापलेला वायू रिंगच्या मागच्या खाचेत शिरून तिला भिंतीवर रेटतो. जळत्या वायूची गळती थांबते ती बरीचशी या रेट्यानेच; रिंगचा स्वतःचा ताण त्यामानाने किरकोळ. म्हणजे दाब आणि उष्णता कळसाला, आणि तेल जवळपास नाहीच. जुनं इंजिन उघडल्यावर बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या बाजूला नखाला लागणारी कड सापडते, ती या जागेची.

बिडाच्या साध्या रिंगवर हार्ड क्रोमचा मुलामा देणं हा यावरचा जुना उपाय. क्रोमचा कडकपणा व्हिकर्स मापावर ८०० ते १,००० भरतो, म्हणजे बिडाच्या कितीतरी पट. मग बोअरलाही क्रोम दिलं तर? इथे चांगलेच हात पोळतात. क्रोमवर क्रोम घासलं की दोन्ही पृष्ठभाग जागोजागी चिकटतात आणि एकमेकांना ओरबाडतात. छोट्या विमानांची लायकमिंग इंजिनं बनवणारी कंपनी म्हणूनच सिलिंडरवर रंगाची खूण करते: नारिंगी म्हणजे क्रोमचा बोअर, निळा म्हणजे नायट्राइड केलेला, म्हणजे नायट्रोजन मुरवून कडक केलेला. नारिंगी सिलिंडरमध्ये क्रोमची रिंग घालायला सक्त मनाई आहे. तिथे बिनमुलाम्याची रिंगच लागते. माझ्या मते रिंगच्या लेपाबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. नुसत्या रिंगचा कडकपणा विचारून भागत नाही, समोर कोण आहे तेही पाहावं लागतं.

क्रोमचा आणखी एक दोष म्हणजे गुळगुळीत क्रोमवर तेल नीट ठरत नाही. मोलिब्डेनमचा लेप फवारून बसवतात, त्यामुळे त्यात बारीक छिद्रं राहतात आणि त्यांत तेल साठतं. शिवाय मोलिब्डेनम वितळतं सुमारे २,६२० अंश सेल्सिअसला, क्रोमियम १,९०० च्या आसपास. म्हणून मोलिब्डेनमची रिंग सहजासहजी चिकटत नाही. पण हा लेप ठिसूळ असतो. इंजिन नॉकिंग करू लागलं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसू लागले, की त्याचे कपचे उडू शकतात. क्रोमवाल्यांनी वेगळी शक्कल लढवली. मुलाम्यात मुद्दाम सूक्ष्म भेगा पाडून त्यांत अॅल्युमिनाचे, पुढे चक्क हिऱ्याचे कण बसवले. असल्या रिंगा अवजड डिझेल इंजिनांत वापरतात.

क्रोमला खरा धक्का मात्र इंजिनाबाहेरून बसला. मुलाम्याच्या टाकीतलं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड (टाकीत लागणारं त्याचंच संयुग) वापरायला खास परवानगी लागते. टाकीची गरज नसलेले मार्ग आधीपासून होतेच. पोलादी रिंग अमोनियाच्या वातावरणात तापवली की नायट्रोजन तिच्या अंगात मुरतो. हे नायट्राइडिंग. लेपच नसल्यामुळे सोलून निघण्याची भीती नाही. दुसरा मार्ग पीव्हीडीचा: निर्वात पेटीत क्रोमियमची वाफ करून नायट्रोजनबरोबर ती रिंगवर बसवायची. हा क्रोमियम नायट्राइडचा थर काही दशांश नव्हे, मिलिमीटरच्या जेमतेम काही शतांशांइतका असतो, पण साध्या क्रोमपेक्षा जवळपास दुप्पट कडक.

सध्या बोलबाला आहे डीएलसीचा, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनच्या थराचा. घर्षण कमी करण्यात तो उजवा आहे. त्याची कुरबुर बोअरशी नसून तेलाशी आहे. घर्षण घटवण्यासाठी काही इंजिन ऑइलांत मोलिब्डेनमची संयुगं घालतात. ती लोखंडावर छान काम करतात, पण हायड्रोजन असलेल्या डीएलसीची झीज उलट वाढवतात. त्यामुळे काही उत्पादक बिनहायड्रोजनचं डीएलसी वापरतात.